टाळूवरची लव

लघवी तुंबून दोन दिवस नळी लावावी लागली, तेव्हा नंदुरबारच्या डॉक्टरांनी मला रोज एक गोळी सुरू केली. "प्रोस्टेट वाढलंय, ही आता सोडायची नाही," त्यांनी बजावलं. औषध दुकानदाराने पाकीट देताना माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि हसला. हेच औषध कमी ताकदीत तरणी पोरं केसांसाठी नेतात म्हणे. मी म्हणालो, माझं टक्कल तिशीतलं आहे, ते आता कोणाच्या बापाला हटायचं नाही. आम्ही दोघेही हसलो.

वर्ष होत आलं तेव्हा न्हाव्याने कडेचे केस कापता कापता हात थांबवला. "आप्पा, हाई काय उगी ऱ्हायनं?" टाळूवर लव आली होती, मऊ आणि काळी. कानांवरचे माझे केस पांढरेफटक आणि ही मात्र कोवळ्या पोराची. या वयात क्वचितच होतं असं, डॉक्टर कौतुकाने म्हणाले. मला ते अजिबात आवडलं नाही.

आमच्या घरात केस होते ते थोरल्या भावाचे. शहाद्याजवळच्या आमच्या गावातून तो विशीत सुरतेला गिरणीत कामाला गेला. वर्षभर पत्रं आली, मग तीही थांबली. पुष्कळ शोधलं, पत्ता लागला नाही. माय नव्वदीला टेकली तरी त्याचं श्राद्ध घालू देत नाही. मी घरी राहिलो, साखर कारखान्यात काट्यावर उसाच्या गाड्या तोलल्या, मायचं सगळं केलं. घरात नाव मात्र थोरल्याचंच निघायचं. हे मनात सलत आलंय, ते लिहूनच टाकतो.

काचबिंदूने दहा वर्षं मायला दिसत नाही. सकाळी अंघोळ करून मी तिच्या पाया पडतो. ती डोकं चाचपायची, "मन्हा टकल्या" म्हणायची आणि आमचा दिवस सुरू व्हायचा. एके सकाळी तिचा हात टाळूवर थांबला. बोटं लवेतून मागे-पुढे फिरली. तिचा चेहरा असा उजळला की माझ्या अंगावर काटा आला. माझ्यासाठी तो तसा कधीच उजळला नव्हता.

"तू उना? इतला दिन कथा व्हता रे?" कुठे होतास म्हणून ती थोरल्याला विचारत होती; तिच्या लेखी तोच आला होता.

"माय, मी शे. धाकला."

"खोटं नको बोलू."

आवाजावरून ओळख म्हटलं, तर भावाभावांचे आवाज सारखेच असतात म्हणाली. आधी मी आणि बायको हसण्यावारी नेत होतो. मग ती मला सांगू लागली, की जाताना भांडणात ती थोरल्याला "परत तोंड दाखवू नको" म्हणाली होती. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ती माफी मागत राहिली. शेवटी मी त्याच्या वतीने माफ केलं. ते बोलताना माझा हात आपोआप टाळूवर फिरत होता. ती सवय माझी नव्हती, थोरल्याची होती. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

तिसऱ्या दिवशी तिने ताट सरकवलं. "धाकला दखास नही. तो ई, मंग जेवसू." धाकला येईपर्यंत ती घास घेईना. मी समोर बसून ओरडत होतो, मीच आहे, मीच आहे. चार दिवस ती चहाच्या घोटांवर राहिली. अशाने ती हातची जाईल, बायको रडत म्हणाली.

डॉक्टरांना फोन केला. गोळी बंद केली तर केस जायला महिने लागतील, आणि लघवी पुन्हा तुंबण्याची भीती. न्हाव्याकडे गेलो, टाळूवर वस्तरा फिरव म्हटलं. त्याने वस्तरा मिटून ठेवला. "माय जित्ती शे ना, आप्पा? मी नही करनार." आमच्याकडे आई-बाप गेल्यावर दहाव्याला डोक्याचे सगळे केस उतरवतात, त्याआधी नाही. मला ठाऊक होतं, पण माय उपाशी होती. घरी न्हाणीत मीच दाढीचं ब्लेड घेतलं. आरशात टाळू दिसेना. अंदाजाने हात मारता मारता कडेचे केसही गेले, म्हणून शेवटी सगळंच सारखं करून टाकलं.

पाया पडलो. तिचा हात आला. "टकल्या! कथा गया व्हता?"

मला रडू फुटलं. साठी उलटलेला मी, तिच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. तेवढ्यात तिची बोटं कानामागे गेली, मानेवर उतरली, पुन्हा कानामागे आली. कुठेच केस लागेनात.

"मी मरी गई का रे?" नळाला पाणी आलं का, असं विचारावं तसं तिने विचारलं.

मी तिच्या पायांवरून डोकं उचललं.

"दहावाले मोठा उना व्हता?"

"हा, माय," मी म्हणालो. "उना व्हता."

तिने मांडी घातली आणि ताट मागितलं. मी भाकर दुधात कुस्करून घास तिच्या तोंडाशी नेला. तिने सगळं संपवलं.

आता ती दोन्ही वेळा पोटभर जेवते. थोरल्याचं नाव काढत नाही. माझी गोळी चालूच आहे, टाळूवर लव पुन्हा आली आहे. पण तिला ते कळायचं नाही. मी पाया पडलो की ती दोन्ही हात पदराखाली घेते. मेलेल्या बाईने जित्त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवू नये, म्हणते.