खोक्यातली ओटिली

आमच्या ब्रोदेक गावात ओटिली क्लिमेशोव्हा बायकांच्या टोप्या शिवायची. पण गाव तिला ओळखायचं ते नाटकाच्या खोक्यामुळे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीत अर्धवट बुडवलेलं ते लाकडी खोकं. त्यात बसून ती नटांना विसरलेले शब्द पुरवायची. प्रेक्षकांना ती कधी दिसली नाही आणि तिलाही दिसायची हौस नव्हती.

सगळ्यात जास्त शब्द लागायचे बेद्रिख हाव्लासला. हा आमचा पाववाला. भरदार आवाज, राजासारखी चाल आणि डोक्यात नुसतं पीठ. "ओटिली, तू खाली आहेस म्हणून मी वर उभा राहतो," असं तो चारचौघांत म्हणायचा. ती लाजायची.

महायुद्धानंतर फिरते सिनेमावाले येऊ लागले. बिअरखान्यामागचा हॉल आमच्या हौशी नाटकमंडळाचा होता. तो कायमचा सिनेमाला द्यावा, अशी कुजबुज सुरू झाली. दिला असता तर नाटकं संपली असती आणि खोकंही. शेवटी मंडळाने सभा बोलावली.

त्याच सुमारास बेद्रिख रोज संध्याकाळी ओटिलीच्या दुकानात येऊन बसू लागला.

"नव्या नाटकात नगराध्यक्षाचं भाषण आहे. माझ्याकडून पाठ करून घे ना."

"नाटक कुठलं?"

"अगं, आधी भाषण तर होऊ दे!"

जुनं पाडल्याशिवाय नवं उभं राहत नाही, असं काहीतरी होतं ते. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं तिनेच बसवून घेतलं. मला म्हणाली, "मास्तर, या वेळी हा खाली बघणारसुद्धा नाही, बघा तुम्ही."

सभेत मी तिच्या शेजारी होतो. बेद्रिख उठला. "मित्रांनो..." दुसऱ्याच वाक्याला ओटिलीने माझी बाही धरली. तिने सांगितलं होतं तिथेच तो थांबला, तिथेच आवाज चढवला. मधे म्हणाला, "खोक्यावर फळ्या ठोकून तिथे सिनेमाच्या साथीला पियानो ठेवू." एवढंच वाक्य तिने आधी ऐकलेलं नव्हतं.

शेवटी मात्र तो अडला. "आणि आपली मुलं आपल्याला..." नजर सवयीने रंगमंचाच्या कडेकडे गेली, मग तिच्याकडे वळली.

"दुवा देतील," ओटिली पुटपुटली, खोक्यातून पुटपुटायची तशीच. आणि लगेच तिने तोंडावर हात दाबून धरला.

"दुवा देतील!" बेद्रिख गरजला. टाळ्या पडल्या, हॉल सिनेमाला द्यायला हात वर गेले.

दाराशी त्याने तिला गाठलं. "रागावलीस का गं? पहिल्या रांगेतली खुर्ची तुझी. कायमची, फुकट."

"नाटक कुठलं, ते अजून सांगितलं नाहीस," ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावत निघून गेली.

टोप्या ती पुढेही शिवत राहिली. पाव मात्र पलीकडच्या गावातून आणायची, बर्फ पडत असला तरी, पायी.