डाव्या बाजूचा गणपती

आमच्या गाडीत डॅशबोर्डवर डावीकडे गणपती होता. ह्यांनी तो मुद्दाम माझ्यासमोर चिकटवला होता. हे ओव्हरटेक करायला लागले की मी डोळे मिटून अथर्वशीर्ष पुटपुटायचे. तेव्हा म्हणाले, "कुणाला ऐकवतेस ते निदान समोर तरी दिसू दे." ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर, साठी उलटल्यावर, मी गाडी शिकले आणि उजवीकडे बसू लागले. डावी सीट तेव्हापासून रिकामीच असते. भाजीची पिशवी ठेवते तिथे.

भिंगारमध्ये आमची गाडी बघणारा मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी, मूळचा पारनेरकडचा. मी स्वतः गाडी घेऊन गेले त्या पहिल्याच सर्व्हिसिंगला तो म्हणाला, "बाई, ह्यो गणपती हितनं काढा. ह्याच्या खालीच एअरबॅग हाय. गाडी ठोकली तर मूर्ती गोफणीतल्या धोंड्यागत तोंडावर यील."

मी जन्मभर विज्ञान शिकवलं. कुणी मला समजावायला लागलं की आधी रागच येतो. "एअरबॅग मला शिकवू नकोस," म्हटलं, आणि घरी येऊन गुपचूप वाचून काढलं. समोरून जोराची धडक बसली की सेन्सरला कळतं, आत ठिणगी पडते, रसायन जळून वायू होतो आणि पापणी लवायच्या आत झाकण फाडून पिशवी फुगते. माणूस तिच्यावर टेकतो तोवर ती आपल्या भोकांतून हवा सोडायला लागलेली असते, म्हणून डोकं अलगद थांबतं. पण पट्टा नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि फुगणारी पिशवीच त्याचं थोबाड फोडते. इतका सगळा बंदोबस्त, आणि कुणासाठी, तर मेथीच्या दोन जुड्यांसाठी.

पुढच्या खेपेला त्याने पुन्हा टोकलं. मी म्हटलं, "अरे, तिथे बसतंय कोण?" त्याने हात पुसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. त्या चहाने मला जास्तच एकटं वाटलं.

मग मुलीचा फोन आला. बंगळूरहून चार दिवस येते, आपण दोघी मोहट्याला देवीची ओटी भरायला जाऊ, म्हणाली. पाथर्डीच्या पुढे, जाऊन-येऊन चांगले तीन तास. मला फार आनंद झाला. वडील गेल्यापासून ती माझ्याशी नीट बोललीच नव्हती, मीही नाही. समोरासमोर बसलं की आम्ही दोघी जेवणाचं विचारतो आणि गप्प होतो. गाडीत दोघींची नजर रस्त्यावर असते, तिथे जमेल असं मला वाटलं.

ती येण्याच्या आदल्या दिवशी मी गणपतीला हात जोडले, चूकभूल पदरात घे म्हटलं, हेअर ड्रायरने गोंद नरम केला आणि खालून जाड दोरा करवतीसारखा ओढला. मूर्ती सुटून हातात आली तेव्हा मी रडले. मूर्ती देवघरात ठेवली. गोंदाचा डाग खोबरेल तेल लावून पुसला. डाव्या सीटचा पट्टा दोनदा लावून पाहिला, सीटवरची मेथीची पानं झटकली.

सकाळी मी गाडी काढून फाटकापाशी थांबले. ती मोबाईलवर बोलतच आली. तिकडे रोज भाड्याच्या गाडीतून हिंडते. सवयीने मागचं दार उघडलं, आत बसली, पर्स शेजारी ठेवली आणि मला हातानेच खूण केली, निघू या.

मी आरशात पाहिलं. साठ-साठ पोरांच्या वर्गात जागा बदलून बसवणारी मी. कोण कुणाशेजारी बसेल ते माझ्या एका बोटावर ठरायचं. आणि "माझ्या शेजारी येऊन बस" एवढं मला स्वतःच्या मुलीला म्हणता आलं नाही.

"मागेसुद्धा पट्टा लावायचा असतो," मी म्हणाले, आणि गाडी पाथर्डी रस्त्याला घातली.