काशीराम कंडक्टरची शेवंती

काशीराम रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण वाडीत त्याला अजून कोणी नुसतं काशीराम म्हणत नाही. काशीराम कंडक्टरच! बत्तीस वर्षं त्याने रत्नागिरी डेपोच्या गाड्यांत घंटेची दोरी ओढली. एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे चल. जगाला याच्यापलीकडे आणखी काय कळायला हवं, असं त्याचं प्रामाणिक मत.

अशा माणसाच्या गळ्यात पिटबुल पडली. मुलगा संदेश मुंबईला नोकरीला. त्याने हौसेने कुत्री पाळली, सोसायटीने ती बाहेर काढायला लावली, आणि लेकाने आणून सोडली बापाच्या दारात. नाव ठेवलं होतं किलर. "शी! दिवेलागणीला असली हाक मारायची?" म्हणत काशीरामच्या बायकोने, तुळसाने, त्याच दिवशी तिची शेवंती केली. दिसायला बया अस्सल राक्षसीण. तिचा जबडा बघून धोंडू पोस्टमन पत्रं कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवायचा आणि मागे न बघता पळायचा. स्वभाव मात्र असा की कोंबडीची पिल्लं पाठीवर चढली तरी हिचे डोळे मिटलेले.

पण स्वभाव काय कपाळावर लिहिलेला असतो? दिवाळी झाली आणि वाडीची बैठक बसली. विठू गावकराने सरळ विषय काढला. "काशीराम, शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते. तुझ्या अंगणात ही वाघीण बसलेली, पोरं पालखी घेऊन आत येतील कशी? ही माणसात बसते असा कुणा जाणत्याचा कागद आण. नायतर शिमग्याआधी हिला घालव."

घालवायची कुठे? संदेशला विचारलं तर तिकडे एकच गिऱ्हाईक तयार होतं, कुत्र्यांच्या झुंजी लावणारं. ते ऐकलं आणि काशीरामने फोनच ठेवून दिला.

मग कोणीतरी मनस्विनीचं नाव सांगितलं. शहरातली ही मुलगी कुत्र्यांना आजारी, म्हाताऱ्या, एकट्या माणसांजवळ शांत बसायला शिकवते. थेरपी डॉग म्हणतात त्यांना. पिटबुल म्हटल्यावर तिने नाक मुरडलं नाही. तासभर शेवंतीशी खेळली आणि म्हणाली, "काका, हिला माणसं आवडतात. आता फक्त हिने तुमचं ऐकायला हवं." शिकवायला म्हणून तिने टिकटिक वाजणारं एक छोटं यंत्र दिलं. पण इंजिनाची घरघर ऐकून काशीरामचे कान कधीच गेलेले. टिकटिक कसली ऐकू येते! शेवटी त्याने डोकं लढवलं आणि देवघरातली घंटी उचलली.

"आणि देवाला काय शिटी मारू?" तुळसा कडाडली.

"देव समजून घेईल गो. कुत्र्याला समजवायला लागतं."

तीन महिने पडवीत शाळा भरली. एक घंटा, थांब. दोन घंटा, चल. बरोबर केलं की चिमूटभर सुकट. आवाजाला दचकू नये म्हणून ताटं आपटून झाली, काठ्या पाडून झाल्या. तुळसाला आजारी म्हणून खुर्चीत बसवलं, तर शेवंतीचं डोकं मांडीवर घेऊन ती खरोखरच झोपली आणि चुलीवरचा भात करपला. काशीराम खूश! भात काय, उद्या पुन्हा शिजेल.

मनस्विनीने परीक्षा ठेवली शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात, संध्याकाळी; पास झाली तर कागद मिळणार. सहा जणांजवळ जायचं, प्रत्येकाशी शांत बसायचं, आणि पट्टा मालकाच्या हातातून सुटता कामा नये. पहिल्या पाच जणांपाशी शेवंती अशी बसली की आश्रम चालवणाऱ्या उल्काताई कौतुकाने बघतच राहिल्या.

तेवढ्यात सात वाजले आणि आरती सुरू झाली.

अरे देवा! काशीरामने कपाळावर हात मारला. मेल्या, अख्खा जन्म कोकणात काढलास आणि आरतीला घंटा वाजते हे विसरलास? घणघण घणघण घंटा सुरू, आणि शेवंती? थांब, चल, थांब, चल! गणपतीत हायवेला अडकलेली एसटी जशी. हिसक्याने पट्टा त्याच्या हातातून निसटला. अडखळत, थबकत ती भर दिवाणखान्यातून पार पलीकडे गेली, आणि आरती संपून घंटा थांबली तेव्हा राजाभाऊंच्या चाकाच्या खुर्चीसमोर होती. पुढचं काही कळेना म्हणून तिने शिकवल्याप्रमाणे त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.

राजाभाऊ मूळचे बागायतदार. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. पोटची मुलगी भेटायला आली तरी भिंतीकडे तोंड करायचे.

मनस्विनी हातातल्या परीक्षेच्या कागदाकडे बघत राहिली. काशीरामला समजायचं ते समजलं. त्याचे डोळे भरून आले. "चल गो बाय," तो जवळ जाऊन म्हणाला, "चूक माझी. तुझी काय नाय त्यात."

पट्टा उचलायला तो वाकला, तर पट्टा राजाभाऊंच्या डाव्या हातात. त्याने हलकेच ओढून बघितला. मूठ सुटेना. म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले, आणि साऱ्या दिवाणखान्याला ऐकू गेलं, "हाड!"

शेवंतीला नव्हे. काशीरामला!

आठ महिन्यांतला पहिला शब्द! मग उल्काताई हसायला लागल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. बत्तीस वर्षं काशीरामने उतारूंच्या शिव्या खाल्ल्या, पण एवढा गोड अपमान त्याचा कधी झाला नव्हता. तो तिथेच जमिनीवर बसला.

"पट्टा सुटला तर नापास, असा नियम आहे," मनस्विनी डोळे पुसत म्हणाली. "पण सुटलाय कुठे? राजाभाऊंनी धरलाय की!" आणि तिने सही ठोकली.

कागद मिळाला, तरी काशीरामला शेवंतीला घेऊन निघायला नऊ वाजले. राजाभाऊ पट्टा सोडीनात, आणि कोणी जवळ गेलं की "हाड!" म्हणून ओरडायचे. आणि ते ऐकायला मिळावं म्हणून आश्रमातली सगळी माणसं एकेक करून, मुद्दाम जवळ जात होती.