दोन कंपन्यांच्या पट्ट्या

भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी फर्निचरला भेटत, मग माणसांना. दाराच्या चौकटीवर दोन टिचक्या मारायच्या, कान लावायचा, खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासायचे आणि मग घरच्यांना मोठ्याने हाक मारायची. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी पाट उलटा करून "हा आंबा आहे, सागवान सांगून विकला" असे जाहीर करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मागच्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल लिहायचे तर आमच्या घराबद्दलही लिहावे लागते, आणि ते लिहिताना मान वर राहत नाही.

ते माझ्या ताईचे यजमान. नागपुरातल्या जरीपटका भागात त्यांचे फर्निचरचे वर्कशॉप होते. ताईने बाबांच्या मनाविरुद्ध रजिस्टर लग्न केले. बाबा सरकारी कचेरीत सुपरिंटेंडेंट. जावई काय करतात असे कुणी विचारले, की "लाकडाच्या व्यवसायात आहेत" एवढे म्हणून ते विषय बदलत. भाऊजींना हे माहीत होते. "बाबा बरोबरच सांगतात," ते हसून म्हणत. "पेन्सिलीचा कारखाना समजू द्या लोकाइले."

मला ते मास्तरीणबाई म्हणत. किराण्यापासून परीक्षेपर्यंत सगळ्याच्या याद्या करायची मला तेव्हापासूनच सवय. घरात शिरताच विचारायचे, "काय वं मास्तरीणबाई, आज माहं नाव यादीत कितवं?" मी पहिले सांगितले तरी त्यांचा विश्वास बसत नसे.

बाजारात कुणाकडे नव्हती अशी विजेची हातकरवत त्यांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतली होती. जर्मन. तिच्यासोबत अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी मिळाली. पट्टी लाकडावर ठेवायची. तिच्या पाठीवर लांबच लांब उंच कणा होता, मशीनच्या बुडाची खाच त्या कण्यावर बसायची आणि मशीन रुळावरून गेल्यासारखी सरळ जायची. आल्यागेल्याला ते ही करामत दाखवत. पट्टी मात्र पाच फुटांची. लांब काम आले की शेजारच्या दुकानदाराची मागून आणत. ती दुसऱ्या कंपनीची होती. दोन्ही एकापुढे एक ठेवायच्या, कण्यांना दोरी लावून जुळवायच्या आणि मग मशीन सोडायची. "दोन घरची सोयरीक आहे," ते म्हणत, "थोडं सांभाळून घ्यावं लागते."

आमच्या कॉलनीत वाचनालय निघाले तेव्हा बाबा त्याचे चिटणीस झाले. मामांनी गावाकडून सागवानाची दहा फुटी अखंड फळी पाठवली. तिचे वाचनाचे टेबल करायचे ठरले आणि बाबांनी आपणहून ताईकडे निरोप पाठवला. जावयाकडे त्यांनी काही मागितले ते पहिल्यांदाच. ताई निरोप ऐकून रडली. भाऊजींनी नवा शर्ट शिवायला टाकला. आता बाबा चार लोकांत आपल्याला जावई म्हणतील, एवढे एकच त्यांच्या मनात होते. ताईला त्यांनी तसे बोलूनही दाखवले होते.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात सगळी कमिटी जमली. फळी लाकडी घोड्यांवर चढली. नवा शर्ट घातलेले भाऊजी प्रत्येकाला मशीनची माहिती देत होते. वकीलसाहेब कमिटीचे अध्यक्ष. त्यांना तर भाऊजींनी खाच हात लावून पाहायला लावली. बोलता बोलता त्यांनी दोन्ही पट्ट्या ठेवल्या, बाहेरचे काठ बोटाने चाचपून एका रेषेत आणले आणि पट्ट्या फळीला घट्ट धरणारे शिकंजे आवळले. दोरी लावायची राहिली.

मशीन सुरू झाली. निम्म्यापर्यंत काप सुरेख गेला. पट्ट्यांच्या जोडावर मशीन किंचित अडखळली आणि पुढचा काप तांदळाच्या दाण्याएवढा आत सरकला. काठ जुळले होते; पण मशीन काठावरून नाही, कण्यावरून चालते, आणि दुसऱ्या कंपनीच्या पट्टीचा कणा काठापासून तेवढाच जास्त दूर होता.

वकीलसाहेब वाकून म्हणाले, "वा, टेबल निघालं नागपूरहून अन् मधातच कामठीले वळलं." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने भाऊजीच हसले. चूक निस्तरता येण्याजोगी होती आणि ते त्यांना ठाऊक होते.

मग वकीलसाहेब बाबांकडे वळले. "चिटणीस, हे तुमचे जावई ना? कोणीतरी सांगून राहिलं होतं."

"छे, छे," बाबा म्हणाले. "जावई कुठले? जरीपटक्यातला मिस्त्री आहे. कामाला लावलाय."

भाऊजी दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. मी कप मोजले, पुन्हा मोजले.

भाऊजींनी शिकंजा सैल केला. बाबांकडे पाहून म्हणाले, "हो जी साहेब. चूक माही आहे. करून देतो नीट."

मग त्यांनी खिशातून दोरी काढून दोन्ही कण्यांवर ताणली, पट्ट्या पुन्हा बसवल्या. आता बाहेरचे काठ एकमेकांपासून सरकलेले, वाकडे दिसत होते. काप मात्र शेवटपर्यंत सरळ गेला. दुसऱ्या बाजूनेही तेवढीच चिपाटी काढून त्यांनी फळी सारखी केली.

घरी आईने जावयासाठी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या होत्या. बोलवायला मला पाठवले. कमिटीतली माणसे अजून व्हरांड्यात होती. मी जवळ जाऊन हळूच जेवायला चला म्हटले. भाऊजी मशीन पुसत होते. "नको बाईसाहेब," ते म्हणाले, "आमचा डबा आहे." डबा नव्हता. हातठेल्यावर मशीन आणि पट्ट्या चढवून ते उपाशीच जरीपटक्याला गेले. आईने वड्या झाकून ठेवल्या. बाबांनी त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा काही मागितले नाही.

ताईला त्यांनी काही सांगितले नाही. सणावाराला ते पूर्वीसारखेच येत, चौकटीवर टिचक्या मारत, आईशी थट्टा करत, मलाही पुन्हा मास्तरीणबाई म्हणू लागले. पण बाबांना ते साहेब म्हणत. ताईने एकदा कारण विचारले, तर म्हणाले, "साहेबच आहेत ना? एवढं मोठं ऑफिस चालवलं."

पुढे निवृत्तीनंतर बाबांनी धीर करून वकीलसाहेबांना खरे काय ते सांगितले. बाबा घरी आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले. वकीलसाहेब म्हणाले होते, "ते तर तेव्हाच सगळ्याइले माहीत होतं जी."

आई गेल्यावर बाबांना ताईकडे नेले. मी नोकरीनिमित्त अमरावतीला होते. सुट्टीच्या दिवशी जात असे. बाबांचे चालणे बंद झाले होते. वर्कशॉप कारागिरावर सोपवून भाऊजी त्यांना उचलून न्हाणीत नेत, दाढी करून देत. पलंगाला त्यांनी धरायला एक गोल दांडा बसवला होता, बाबांच्या मुठीच्या मापाचा. आणि हे सगळे करताना तोंडाने चालू असे: साहेब, हात वर करा जी. साहेब, गोळी घ्या जी.

एका दुपारी मी बाजूला बसले असताना बाबा म्हणाले, "मला बाबा म्हणत जा हो. पूर्वी म्हणायचात."

भाऊजी उशी थोपटून नीट करत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"म्हणतो ना, साहेब."

त्यांनी बाबांच्या पाठीमागे हात घालून त्यांना उठवून बसवले. बाबा त्यांचा खांदा धरून खाली पाहत राहिले. मीही खालीच पाहिले.