ओल्या बाह्या

लिफ्टमन म्हातारपणी बिघडला, असं त्या इमारतीत पाच महिने बोललं जात होतं. बोलणाऱ्यांत आघाडीवर होता फाटकापाशी बसणारा इस्त्रीवाला. तो कपड्यांच्या घड्या जितक्या निगुतीनं घालायचा, तितक्याच निगुतीनं लोकांच्या घड्या उलगडायचा. आणि त्याच्याकडे पुरावे होते. वरखालीकाका रोज दुपारी तीनच्या ठोक्याला घराबाहेर पडतात आणि चौथ्या मजल्यावरच्या शिवणबाईंकडे जातात. बाई एकट्या राहतात. साडेचारला काका परततात तेव्हा शीळ घालत असतात, आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या असतात.

"बाकी सगळं समजलं मला," तो दूधवाल्याला म्हणायचा, "पण बाह्या का ओल्या? या बाह्यांनी माझी झोप उडवलीये."

"वय काय त्यांचं?"

"एकसष्ट."

"मग बाह्यांवरच भागत असेल," दूधवाला म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

वरखाली हे नाव काकांना नोकरीनं दिलेलं. एका नऊ मजली कचेरीत त्यांनी तेहतीस वर्षं लिफ्ट चालवली. दार उघडायचं, लावायचं, कळ दाबायची. चढलेले सगळे मजले एकावर एक रचले असते तर हा माणूस चंद्रावर पोचला असता, पण संध्याकाळी सापडायचा तो तळमजल्यावरच. पुढे कचेरीनं नवी लिफ्ट बसवली. तिच्यात एक बाई गोड आवाजात मजल्यांची नावं सांगायची. ती पगार मागत नव्हती आणि विडी ओढायला बाहेरही जात नव्हती. काकांच्या हातात भिंतीवरचं घड्याळ ठेवून त्यांना घरी पाठवण्यात आलं.

घरी काकूंचं राज्य. तिसऱ्याच दिवशी बायकोला खूश करावं म्हणून काकांनी तिचा बिडाचा तवा घासायला घेतला. तवा एकोणीस वर्षांचा, काळाकुट्ट. तारेची घासणी घेऊन ते दोन तास त्याच्याशी झुंजले आणि चांदीसारखा लखलखीत तवा, शर्यतीतली ढाल मिरवावी तसा, काकूंपुढे धरला.

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, तेल पाजून पाजून काळा केला होता मी त्याला! अंडं नुसतं घसरायचं त्याच्यावरून!"

"मुद्दाम काळा केलाय हे मला काय माहीत?"

"तुम्हीही मुद्दामच असे आहात का?"

त्या दिवशी काकांकडून वचन घेतलं गेलं. या जन्मात भांड्याला हात लावायचा नाही. स्वतःच्या चहाच्या कपालासुद्धा नाही. काकांनी निमूटपणे मान हलवली, पण ते दोन तास काही त्यांच्या हातातून जाईनात. काळं निघत गेलं, खालून चकाकी वर आली, आणि हे आपण केलं, या दहा बोटांनी! तेहतीस वर्षांत त्यांच्यामुळे कुठलीच गोष्ट सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी झाली नव्हती.

पुढल्या पंधरवड्यात ते उशीच्या खोळी शिवायला टाकायला शिवणबाईंकडे गेले. दारातच करपल्याचा वास. बाई तोंडात टाचण्या धरून मशीनवर बसलेल्या, दूध गॅसवर विसरलेलं. मोरीत आणखी तीन पातेली, तिन्हींची बुडं कोळसा.

"टाकून देते," बाई टाचण्यांमधून म्हणाल्या. "दर दोन महिन्यांनी नवीनच घेते मी."

"टाकून?" पोटचं पोर टाकते म्हटल्यासारखे काका दचकले. "बाई, खायचा सोडा आहे का घरात?"

पातेल्यात पाणी, वर दोन चमचे सोडा, मंद आच. मग गार होऊ द्यायचं. इथे घाई केली की संपलं. मग लाकडी उलथन्यानं कडेकडेनं हलकेच डिवचायचं. करपलेला थर आधी हटून बसतो, मग एका कोपऱ्यात त्याची हिंमत खचते, आणि गुडघ्यावरची जुनी खपली निघावी तसा तो अख्खाच्या अख्खा उचलून येतो. खाली स्वच्छ बूड.

"आहाहा!" काका म्हणाले.

"काका, कापलं का काही?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"नाही. निघालं!"

तेव्हापासून रोज तीनला. बाई शिवायच्या, काका घासायचे. दोघांत दिवसाला चार वाक्यं झाली तरी खूप.

बातमी काकूंपर्यंत इस्त्रीच्या चादरींबरोबर पोचली. एका दुपारी त्यांनी सरळच विचारलं, "जाता का हो तिच्याकडे?"

"जातो."

"करता काय तिथे?"

भानगड असती तर बायकोनं एखाद्या वेळेस माफही केली असती, पण मोडलेलं वचन? म्हणून ते नेमकं नको ते बोलले, "ते विचारू नकोस."

काकूंनी कपाटावरची बॅग खाली काढली. "पाचच्या गाडीनं बहिणीकडे जाते. परत कधी येणार ते तुम्हीही विचारू नका."

बॅगेत तीन लुगडी गेली, चष्म्याचं घर गेलं, गुडघ्याचं तेल गेलं. तेल गेल्यावर काकांच्या लक्षात आलं की ही खरंच चालली. तेल घेऊन गेलेली बाई आठवड्यात परत येत नाही.

"चल," ते उठले. "दाखवतो."

जिन्यानंच निघाले. लिफ्टशी त्यांचं बोलणं बंद होतं. मागे धापा टाकत काकू, आणि त्यांच्या मागे इस्त्रीवाला. एका साहेबांच्या पँटवर इस्त्री तशीच टाकून तो धावला होता. ती पँट पुढे कुणी घातली नाही.

"या काका," बाई आतून म्हणाल्या, "आज भाजी लागलीये."

काकांनी बाह्यांसकट हात पाण्यात घातले आणि कढई घासायला घेतली.

"हे?" काकू म्हणाल्या.

"हे."

"रोज?"

"रविवार सोडून."

"एवढंच?" इस्त्रीवाला दारातून कळवळला.

काकूंचा चेहरा मात्र आणखीच लाल झाला. "परक्या बाईची भांडी घासता? माझ्या घरात भांडी नव्हती?"

"होती. तू हात लावू देत नव्हतीस."

काकूंनी कढई ओढून घेतली, पालथी केली, बोट फिरवलं. "कानाखाली राहिलंय."

"कान शेवटी. आधी बूड, मग कडा, मग कान."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

काकूंनी बुडावर पुन्हा बोट ओढलं. करकर वाजलं. इतकं आपल्याच्यानं निघालं नसतं, हे त्यांना कळलं आणि ते गिळायला त्यांना वेळ लागला.

"चला घरी," त्या अखेर म्हणाल्या. "सकाळची भांडी तशीच पडलीयेत."

"आणि तवा?"

"तव्याचं नाव काढलंत तर पाचची गाडी अजून गेलेली नाही."

"अहो, पण माझी कढई?" बाईंनी टाचण्या काढून विचारलं.

"खाली पाठवा," काकू म्हणाल्या. "सोडाही पाठवा बरोबर."

वरखालीकाका पाच महिने रोज दुपारी शिवणबाईंकडे जात होते. तिथे ते भांडी घासत होते.