चोलबे ना

नातीने चुरमुऱ्यांवर मोहरीचं कच्चं तेल घातलं की त्या झणझणीत वासासरशी मी कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या, आमचा पुढारी सुबीरदा याच्या खोलीत जाऊन बसते. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही कॉलेजातली पोरंपोरी वर्तमानपत्रावर ओतलेले चुरमुरे खात क्रांतीच्या गोष्टी करायचो. बाबांची नोकरी फोर्ट विल्यममध्ये, लष्कराच्या किल्ल्यात, त्यामुळे माझ्या या उद्योगांवरून घरी रोज वाद. मोर्च्यात ‘चोलबे ना’, म्हणजे ‘चालणार नाही’, ओरडून माझा घसा कायम बसलेला.

त्या दुपारी सुबीरदा म्हणाला, “शेफालीने गिरणीमालकाच्या मुलीची शिकवणी धरली आहे. आजपासून तिच्याशी कुणी बोलायचं नाही.”

शेफाली आमच्यातलीच. फाळणीत घर गमावून आलेली, वडील अंथरुणाला खिळलेले. सगळे मान खाली घालून चुरमुरे खात राहिले.

मी म्हटलं, “चोलबे ना.”

कुणीतरी हसलं. सुबीरदा मात्र समजावणीच्या सुरात म्हणाला, “ते रस्त्यावर म्हणायचं. इथे नाही.”

मी चपला घातल्या आणि थेट शेफालीकडे गेले. पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

‘वय वाढलं की ही खुळं आपोआप उतरतात,’ असं बाबा पुढे पाहुण्यांना माझ्याकडे बघून कौतुकाने सांगत. तेव्हा मी चिडायचे. आता चिडत नाही, कारण हिशेब सरळ आहे. त्या दुपारी विचार सोडले ते आत बसून राहिलेल्यांनी. मी फक्त खोली सोडली.