भिंतीवरचे फादर

इथली आखातातली नोकरी खलास झाली, म्हणून सीबचं घर रिकामं करतोय. कॅनडाला गेलेल्या लेकीच्या, सेलिनाच्या खोलीतलं पोस्टर काढलं आणि जुन्या चिकटपट्टीच्या वासाने मला त्या शुक्रवारच्या दुपारी नेऊन सोडलं.

आमच्या वसईकडचेच एक फादर घराला आशीर्वाद द्यायला आले होते. पवित्र पाणी शिंपडत ते छोट्या सेलिनाच्या खोलीत शिरले आणि थबकले. समोर पोस्टरवर तिच्या लाडक्या जपानी कार्टूनमधला पाद्री. काळा सूट, सैल कॉलर, हातात भलीमोठी बंदूक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे कोण गं?" फादरांनी विचारलं.

"तो पण फादर आहे," सेलिना अडखळत म्हणाली. "डेझर्टमध्ये असतो. लोकांना सेव्ह करतो. मग खूप टायर्ड होतो."

सकाळपासून घरं फिरत असलेले फादर तिच्या पलंगावर टेकले. बराच वेळ पोस्टरकडे बघत राहिले. मग उठून त्याच्यावरही पाणी शिंपडलं.

"याला जरा जास्तच लागेल," म्हणाले.

तेव्हा मला फक्त बंदूक दिसली होती. आज पाण्याच्या पुसट डागांखाली त्याचे वाकलेले खांदे दिसले. बांधाबांध तशीच टाकून मीही त्या पलंगावर टेकलो.